एकमेकांच्या आधाराने
(वर्धापन दिनाच्या कार्यक्रमात दिलेले भाषण)



ज्या पिंपळाखाली तथागतांना संबोधी प्राप्त झाली, त्या बोधिवृक्षाला आपण वंदन करतो. परंतु हे झाड कोणाच्या जिवावर जगतं, याचा विचार आपण क्वचितच करतो. आज त्याविषयी दोन शब्द बोलणार आहे.

पिंपळाचं फूल कोणाला दिसत नाही, कारण ते फळाच्या आत असतं. चिलटाएवढी एक गांधीलमाशी फळाच्या बारीक तोंडातून आत शिरते. शिरताना तिचे पंख तुटतात. ती सोबत आणलेले परागकण फुलांना देते, अंडी घालते आणि तिथंच मरते. तिच्या लेकी पराग घेऊन दुसऱ्या झाडाकडे उडतात. पिंपळाची माशी वेगळी, वडाची वेगळी, उंबराची वेगळी. माशी नाही तर बी नाही, आणि झाड नाही तर माशी नाही. पुढं साळुंकी, बुलबुल, कोकिळ, वटवाघूळ फळं खातात आणि बी दूर नेऊन टाकतात. भिंतीच्या फटीत पिंपळ उगवतो तो असा.

असं जाळं एका दिवसात तयार होत नाही. १८८३ साली इंडोनेशियातल्या क्राकाटोआ बेटावर ज्वालामुखीचा स्फोट झाला आणि रान राखेखाली गेलं. पुढच्या काही दशकांत तिथं वड-उंबराच्या जातीची झाडं उभी राहिली. बी आणलं पाखरांनी आणि वटवाघळांनी. त्या झाडांच्या फळांसाठी आणखी पाखरं आली, त्यांनी आणखी बिया आणल्या.

लांब कशाला, आपल्या खडकपूर्णा धरणाचा संत चोखासागर बघा. नवं पाणी साठलं की आधी शेवाळ येतं, मग किडे, मग मासे, मग बगळे आणि खंड्या. कोणी कोणाला आवतण देत नाही. ज्याला खायला मिळतं तो टिकतो. मिळेल ते खाणारे लवकर बस्तान बसवतात. एकावरच अवलंबून असणारे उशिरा येतात, आणि तो एक गेला की तेही जातात.

जाळं तुटलं की काय होतं? गुरांना दुखण्यावर डायक्लोफेनॅक देत. ते मेलेलं जनावर खाऊन गिधाडं मेली. भारतातल्या तीन जातींची संख्या ९० टक्क्यांहून जास्त घटली. २००६ साली जनावरांसाठी या औषधावर बंदी आली. पण तोवर मेलेली गुरं उघड्यावर सडू लागली, मोकाट कुत्री वाढली. औषध गाईला दिलं, भोगावं लागलं गावाला.

आपल्या तालुक्यात शेडनेटमध्ये बियाण्याचं काम चालतं. बी शुद्ध राहावं म्हणून किडे बाहेर ठेवतात आणि आपल्या आयाबहिणी एकेका फुलाला हातानं पराग लावतात. त्या कामाची मजुरी पडते. बाहेरच्या रानात मधमाशी तेच काम फुकट करते. तिची किंमत यावरून ओळखावी.

म्हणून विनंती एवढीच. पीक फुलावर असताना, माश्या फिरत असतात त्या वेळी फवारणी करू नका. भिंतीतलं पिंपळाचं रोप उपटून फेकू नका. अलगद काढून मोकळ्या जागी लावा. प्रतीत्यसमुत्पाद आपण विहारात ऐकतो. त्याचं एक उदाहरण आपल्या बांधावर उभं आहे. ते आपल्या लेकरांना दाखवा.