आर्द्रेचे तेज
(मंडळाच्या सभेत केलेले भाषण)



आपल्या वर्धा जिल्ह्यात आर्द्रा म्हटले की पाऊस आणि पेरणी आठवते. त्या दिवसांत आर्द्रेचा तारा मात्र दिसत नाही. तो पाहावा हिवाळ्यात, मृगाजवळ, रंगाने तांबूस. ऑक्टोबर २०१९ पासून हा तारा मंदावू लागला आणि फेब्रुवारी २०२० पर्यंत त्याचे तेज नेहमीच्या जेमतेम तिसऱ्या हिश्श्यावर आले. तारा आता फुटणार, अशी चर्चा जगभर झाली.

हे मंदावणे प्रथम खात्रीने सांगितले ते लहान दुर्बिणींनी. अमेरिकेतील गिनन व वासाटोनिक यांच्याजवळ आर्द्रेच्या तेजाची सुमारे पंचवीस वर्षांची नोंद होती. म्हणूनच आजचे तेज कमी, हे त्यांना डिसेंबर २०१९ मध्ये सांगता आले.

मोठी दुर्बीण का नको? जुन्नरजवळ गिरवलीला आयुका संस्थेची दोन मीटर आरशाची दुर्बीण आहे. असल्या दुर्बिणी अंधुक वस्तूंसाठी. तेजस्वी ताऱ्याचा प्रकाश त्यांत इतका येतो की मोजणारे यंत्रच भरून जाते. पायलीत पोते ओतले तर ती भरून सांडणारच. मग पोत्यात धान्य किती होते ते कसे कळावे?

लहान दुर्बिणीलाही अडचणी आहेत. तारा लुकलुकतो, हवेत धूळ-धूर असतो. म्हणून जवळच्या, न बदलणाऱ्या ताऱ्याचे माप आधी घेतात, मग आर्द्रेचे, पुन्हा त्या ताऱ्याचे. हवा दोघांनाही सारखीच मंद करते, त्यामुळे फरक खरा निघतो. अशी अनेक मापे घेऊन सरासरी काढली की शंभरात एकाएवढा फरकही ओळखता येतो. तारा क्षितिजाजवळ असताना मात्र मोजू नये. तेथे हवेचा थर जाड असतो.

पुढे २०२१ मध्ये चिलीतील मोठ्या दुर्बिणीच्या छायाचित्रांवरून उलगडा झाला. ताऱ्याने बाहेर टाकलेल्या वायूची धूळ होऊन ती आपल्या बाजूस आड आली होती. पृष्ठाचा काही भागही थंडावला होता. तारा फुटला नाही. कारण मोठ्या दुर्बिणीने शोधले, पण पाळत ठेवली लहानीने.

भगिनींनो, पुण्यात १९४४ पासून ज्योतिर्विद्या परिसंस्थेची हौशी मंडळी आकाश पाहत आली आहेत. आपल्याजवळ दुर्बीण नसली तरी डोळे आहेत. एरवी आर्द्रा बहुधा रोहिणीहून तेजस्वी दिसते. त्या फेब्रुवारीत ती रोहिणीहून फिकी होती. थंडीच्या दिवसांत अंगणातून दोघींकडे पाहावे, मुलींना दाखवावे आणि कोण उजळ ते तारखेसह वहीत लिहून ठेवावे. रोजची नोंद हेच या शास्त्राचे भांडवल आहे आणि नेमाने काम करणे आपणां बायकांना नवे नाही.