माहितीचे मोल

(महाड-पोलादपूर परिसरातील शिक्षक व पंचायत सदस्यांपुढे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



माहितीचे मोल या भागाला निराळे सांगावयास नको. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्रीवरील जुना पूल वाहून गेला. २२ जुलै २०२१ रोजी तळीये येथे दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे दगावली. थोडे आधी कळले असते तर, असे आपण म्हणतो. हे 'कळणे' निसर्गाच्या हिशेबात किती खर्चाचे, ते आज पाहू.

१८६७ साली मॅक्सवेल या शास्त्रज्ञाने एक काल्पनिक द्वारपाल उभा केला. वायूच्या पेटीतील मधले दार उघडून तो वेगवान रेणू एकीकडे व मंद रेणू दुसरीकडे सोडतो. श्रमाविना उष्ण आणि थंड भाग वेगळे झाले, तर ऊष्मागतिकीचा दुसरा नियमच कोलमडतो. उत्तर पुढे मिळाले. १९६१ मध्ये लँडॉअर यांनी दाखविले की, नोंदलेली माहिती पुसताना काही उष्णता बाहेर पडतेच. द्वारपालाची वही केव्हातरी भरते; ती पुसताना नियमाचे देणे चुकते होते, हे बेनेट यांनी १९८२ मध्ये स्पष्ट केले.

हे देणे किती? १ ज्यूल ऊर्जेचे १०० कोटी भाग करावेत, त्यांतील एकाचे पुन्हा १०० कोटी करावेत. २७ अंश सेल्सिअस तापमानाला एक बिट पुसण्यास त्यातील एका भागाचा सुमारे ३५०वा हिस्सा पुरतो. २०२१ मध्येच फ्रान्समधील लिआँ येथील संशोधकांनी एका सूक्ष्म कंप पावणाऱ्या पट्टीवर प्रयोग करून या मर्यादेच्या अगदी जवळचे मापन केले. हालचाल टिपणारे असे सूक्ष्म यांत्रिक भाग आपल्या मोबाइलमध्येही असतात. मात्र आजची उपकरणे या मर्यादेहून कितीतरी अधिक ऊर्जा खर्च करतात.

० ते १०२३ मिलिमीटरपर्यंतच्या पावसाची नोंद १० बिटांत मावते. ती पुसण्याचा किमान खर्च, एक ग्रॅम पाणी एक सेंटिमीटर उचलण्याच्या श्रमापुढे नगण्य आहे. म्हणजे माहिती महाग आहे, ही सबब निसर्ग देत नाही. खरा खर्च ती वेळेवर पोहोचविण्याचा आहे.

सावित्री महाबळेश्वरातून उतरून पोलादपूरमार्गे महाडला येते. वरच्या गावचा पाऊस खालच्या गावाला पाण्याआधी कळला पाहिजे. शाळेने पर्जन्यमापक ठेवावा, रोजची नोंद जपावी; पंचायतीने ती खालच्या गावी कळविण्याची जबाबदारी एका माणसावर सोपवावी. द्वारपालाने रेणू ओळखला आणि दार हलविलेच नाही, तर त्याच्या ज्ञानाचा उपयोग तो काय?