रेंज नसलेल्या वाळवंटात आई-बाबांसोबत

या डिसेंबरमध्ये पुण्याहून आलेल्या आई-बाबांना आरव्हीतून टेक्ससच्या बिग बेंड नॅशनल पार्कला नेतोय. बाबांना इन्सुलिन लागतं, त्यामुळे चालता फ्रिज हवाच.

मी हौसेने ३० फुटी गाडी बुक केली. नंतर वाचलं, चिसोस बेसिनच्या वळणांवर २४ फुटांपेक्षा लांब आरव्ही नेऊ नका! मग रिओ ग्रँड व्हिलेजला वीज-पाण्याची जोडणी असलेली जागा घेतली.

वाळवंट म्हणजे ऊनच, असं वाटतं ना? हिवाळ्यात रात्री पारा शून्याखालीही जातो. पाण्याचा पाइप गोठू शकतो. इन्सुलिन तर गोठलं की वायाच! म्हणून ते बाहेरच्या कप्प्यात नाही, आतच ठेवायचं.

मोठं हॉस्पिटल अल्पाइनला, साधारण १६० किलोमीटरवर. फोनला बहुतेक ठिकाणी रेंज नाही. म्हणून नकाशे डाउनलोड केलेत, कागदी नकाशाही घेतलाय. परतायची तारीख ताईला कळवलीय.

बाबा म्हणाले, "रेंज नाही? बरं झालं, गप्पा तरी मारशील!"

तुम्हीही निघणार असाल, तर आधी रस्ता बघा, मग गाडी ठरवा. भेटू पुढच्या भागात!