सुट्या भागांचा संसार

यंत्र बिघडले तर आपण कारागिराला बोलावितो. परंतु ते यंत्र निर्माण करणारा कारखानाच बंद झाला तर?

बंगळूर येथे १९५३ साली हिंदुस्तान मशीन टूल्स हा सरकारी उद्योग स्थापन झाला. जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने १९६१ साली तेथे मनगटी घड्याळे तयार होऊ लागली. मॅट्रिक झालेल्या मुलाच्या किंवा नव्या जावयाच्या मनगटावर एच. एम. टी. चढविणे हे महाराष्ट्रातही कौतुकाचे असे. २०१६ च्या जानेवारीत केंद्र सरकारने ही घड्याळ-कंपनी बंद करण्यास मान्यता दिली. घड्याळे मात्र थांबावयास तयार नाहीत! स्प्रिंग तुटली की घड्याळजी दुसऱ्या मृत घड्याळाच्या पोटातून ती काढतो.

मोठ्या भांडारांतही हाच प्रश्न असतो. चालू यंत्राचा भाग संपत आला की पुन्हा मागविता येतो. बंद झालेल्या यंत्राच्या बाबतीत शेवटची मागणी ही खरोखरच शेवटची असते. मग किती घ्यावे? यंत्रे किती उरली, ती किती वर्षे चालवावयाची आणि तो भाग किती दिवसांत झिजतो, या तिहींवरून अंदाज बांधावा लागतो. तरीही सरसकट साठा करणे शहाणपणाचे नव्हे, कारण रबराचे भाग फळीवर पडूनही कडक होतात.

हिशेबतपासनीस विचारतो, “पाच वर्षांत न हललेला हा माल मोडीत का काढीत नाही?” प्रश्न रास्त आहे, पण अपुरा. बाजारात मिळणारा स्क्रू खुशाल काढून टाकावा. नकाशावरून पुन्हा घडविता येणारे दंतचक्र थोडेच ठेवावे, नकाशा मात्र जिवापाड जपावा. परंतु ज्याचा साचाही उरला नाही, असा एक भाग विकला तर त्याच्या अभावी पुढे सगळे यंत्रच भंगारात जावयाचे. त्या यंत्रावर पोट भरणाऱ्या कामगाराने मग कोणाकडे पाहावे?

बंगळूरच्याच हिंदुस्तान एरोनॉटिक्सने परवान्याखाली बांधलेल्या जग्वार विमानांचे उदाहरण घ्या. फ्रान्सने २००५ साली व ब्रिटनने २००७ साली ही विमाने निवृत्त केली. भारतात ती त्यानंतरही उडत राहिली. त्यांच्यासाठी परदेशांतील निवृत्त विमानांचे सांगाडे हीच सुट्या भागांची खाण ठरली.

तेव्हा, श्रोतेहो, भांडारातील धूळ खाणाऱ्या वस्तूची किंमत तिच्या खपावरून करू नये. ती नसेल त्या दिवशी काय थांबेल, हे आधी विचारावे.