वेबसाइटला वाळवी लागत नाही?
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील मनोगत)



आमच्या पाक्षिकाची ओळख करून देत नाही. तुमच्यातल्या निम्म्यांनी त्याची वर्गणी भरली आहे आणि उरलेल्यांची येणं आहे! आज सांगायचं आहे ते त्याच्या वेबसाइटबद्दल. २००० साली आम्ही ती काढली आणि तेव्हा माझ्या हातून एक चूक झाली.

२६ मे १९८९ ला बंदर सुरू झालं, पण शेवा गाव त्याआधीच उठलं होतं. शेतकरी नवीन शेव्यात गेले, कोळी बांधव हनुमान कोळीवाड्यात. तिथं वाळवीनं घरांची काय दशा केली, ते तुम्हाला सांगायला नको. आम्ही पाक्षिकात जुन्या गावाच्या आठवणींचं सदर चालवलं होतं. कुणाचं घर कुठं होतं, होड्या कुठं लागायच्या, मिठागराची वाट कुठून जायची, असं म्हाताऱ्या माणसांकडून वहीत उतरवून घेतलं. अशा १८ आठवणी झाल्या. वेबसाइट निघाली तेव्हा एका आजींना मी मोठ्या ऐटीत म्हणालो, "आजी, आता याला वाळवी लागायची नाही." आणि जागा अडते म्हणून त्या वह्या रद्दीत घातल्या.

सुरुवातीची गंमत काय सांगू! मुंबईत इंटरनेट १९९५ च्या १५ ऑगस्टला आलं होतं, पण आमच्याकडे तेव्हा एकच फोन. मोडेम जोडला की बातमीदारांना फोन लागेना. म्हणून रात्री जेवणं झाल्यावर पानं चढवायची. पहिला अंक चढला तेव्हा आम्ही पेढे वाटले. आठ दिवसांनी आपल्याच वर्गातल्या, टी. एस. रहमानमध्ये शिकून बोटीवर गेलेल्या मित्राची ईमेल आली. रोमन लिपीत मराठी लिहिलं होतं : "अरे, सगळं इंग्रजी अक्षरांचं कडबोळं दिसतंय!"

दोष त्याच्या संगणकाचा नव्हता. तेव्हाचे मराठी फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवायचे. तोच फॉन्ट समोरच्याकडे असेल तर मराठी दिसायचं, नाहीतर कडबोळं. वाचकांनी फॉन्ट उतरवून घ्यावा म्हणून आम्ही पानावर सूचना टाकली. पण सायबर कॅफेवाला त्याच्या मशीनवर काही चढवू देईल तर ना!

हे कोडं समजायला मला आपलं बंदरच उपयोगी पडलं. कंटेनर २० फुटी असो की ४० फुटी, त्याच्या कोपऱ्यांची भोकं ठरलेल्या मापाची असतात. म्हणून न्हावा शेव्याला चढवलेला डबा जगातल्या कुठल्याही बंदरातली क्रेन उचलते. युनिकोड म्हणजे अक्षरांसाठी केलेली तशीच सोय. त्यात 'क' चा क्रमांक ०९१५, तो जगभर तोच. विंडोज २००० मध्ये मंगल फॉन्टसकट ही सोय आली होती. पण आमच्याकडे जुनी मशीन आणि आम्हाला घाई. आम्ही आमच्या मापाचे डबे भरत राहिलो.

पुढं वेबसाइटला फुकट जागा देणारी कंपनीच बंद झाली. आमच्या ते लक्षातही आलं नाही. कार्यालयातली अंकांची फाइल २६ जुलै २००५ च्या पुरात गेली होती. उरल्या फ्लॉप्या, त्यांना बुरशी.

गेल्या वर्षी त्या आजींची नात आली. "आजी गेली. तिनं सांगितलेलं मला हवंय," म्हणाली. मी फ्लॉप्या काढल्या. नऊ आठवणी निघाल्या, त्याही कडबोळ्यात. रूपांतर करून पाहिलं तर वेलांट्या शेजारच्या अक्षरावर आणि रफार भलतीकडे. ताडून बघायला वह्या कुठं होत्या?

शेवटी बाईंकडे गेलो. त्यांनी काही अंक जपून ठेवले होते, आमच्या शुद्धलेखनाच्या चुकांवर लाल पेन्सिलीनं खुणा करून! त्यात आणखी पाच आठवणी मिळाल्या. बाई, त्या लाल खुणांसकट मी ती पानं आता जपतो आहे.

१८ पैकी १४ झाल्या. राहिलेल्या चारांत त्या आजींची आहे. नातीला मी काय सांगितलं असेल, याची कल्पना करा.

म्हणून दोन विनंत्या. या मेळाव्याच्या स्मरणिकेसाठी मजकूर पाठवाल तो युनिकोडमध्ये पाठवा. छापल्यावर दोन प्रती शाळेच्या ग्रंथालयात ठेवू, आणि हाताने लिहिलेलं कुणी रद्दीत घालू नका. दुसरी विनंती, घरी गेल्यावर माळा, ट्रंक, देव्हाऱ्यामागची फळी एकदा बघा. १९९८ ते २००० चा आमचा एखादा अंक कुठं पुडीला किंवा कप्प्यात अंथरायला वापरलेला असला, तरी मला हवा आहे. वर्गणी राहिली असली तरी चालेल.