रडू आणि भेव
आमच्या परतवाड्यात ओट्यावर एकदा वाद रंगला: ‘सैराट’ भारी की ‘धडक’?

नागराज मंजुळे यांचा ‘सैराट’ २०१६ चा, करमाळ्याच्या मातीतला. २०१८ मध्ये शशांक खेतान यांनी ती गोष्ट हिंदीत, उदयपूरला नेली. प्रेम गेलं, पळून जाणं गेलं, ‘झिंगाट’ही गेलं, जात मात्र वाटेत पुसट झाली. ‘सैराट’मध्ये आर्ची-परश्या दोघंही मारले जातात, लेकरू उरतं. ‘धडक’मध्ये नवरा आणि मूल जातं, मुलगी वाचते. म्हणजे पोटच्या लेकीलाही न सोडणारी प्रतिष्ठा मराठीनंच दाखवली.

शेजारच्या आजी म्हणाल्या, “हिंदीतलं पाहून रडू आलं बाप्पा, मराठीतलं पाहून भेव वाटलं.”

रडू पुसता येतं. भेव घरी येतं, कारण तसं घर आपल्याही गल्लीत असू शकतं.