निःशस्त्र पोलीस, सौम्य शिक्षा आणि नॉर्वेचा अनुभव

(संस्थेच्या व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



विषय तुमच्याच अभ्यासवर्गातून आला आहे. जिथे पोलीस कमरेला पिस्तूल न लावता गस्त घालतात, जिथे फाशी नाही आणि जन्मठेपही नाही, तिथे एखादा माणूस माणसे मारत सुटला तर राज्य काय करणार? हा प्रश्न हवेत सोडवण्यात अर्थ नाही. तो नॉर्वेत प्रत्यक्ष उभा राहिला होता, तिथेच जाऊन पाहू.

२२ जुलै २०११. दुपारी ३ वाजून २५ मिनिटांनी ओस्लो शहरात सरकारी कचेऱ्यांसमोर गाडीत ठेवलेला बॉम्ब फुटला आणि ८ माणसे ठार झाली. बॉम्ब ठेवणारा अँडर्स ब्रेविक दुसऱ्या गाडीने उटोया नावाच्या लहान बेटाकडे निघाला. तिथे मजूर पक्षाच्या युवक संघटनेचे उन्हाळी शिबिर चालू होते. अंगावर पोलिसाचा वेश. बॉम्बस्फोटामुळे सुरक्षेसाठी आलो आहे असे सांगून तो होडीने बेटावर उतरला. संध्याकाळी सव्वापाच-साडेपाचपासून पोलिसांच्या हाती लागेपर्यंत, सुमारे सव्वा तास, तो गोळ्या झाडत होता. बेटावर ६९ जण मेले. बहुतेक विद्यार्थी, सर्वांत लहान १४ वर्षांची मुलगी. दोन्ही मिळून ७७.

आता पहिला आक्षेप. पोलिसांच्या हाती बंदूक असती तर? या आक्षेपात तथ्य आहे, ते मी लपवणार नाही. बेटावर पहाऱ्याला सुटीवरचा एक पोलीस होता, निःशस्त्र. पहिल्या बळींमध्ये तो आहे. पण पुढचे ऐका. त्या काळी नॉर्वेत शस्त्रे पोलिसांच्या गाडीत कुलपात असत आणि वरिष्ठांच्या परवानगीने बाहेर काढता येत. स्थानिक ठाण्याचे पहिले दोन पोलीस ५ वाजून ५२ मिनिटांनी काठावर पोहोचले, तेव्हा त्यांच्याकडे शस्त्रे होती. बेट समोर, सुमारे ६०० मीटरवर. गोळ्यांचे आवाज ऐकू येत होते. होडी नव्हती आणि त्यांनी ती मिळवली नाही. त्याच वेळी जवळच्या तळावर सुटी घालवायला आलेले साधे लोक आपापल्या होड्या घेऊन गोळीबारात शिरत होते आणि पाण्यात पोहणारी मुले वर ओढून घेत होते.

सरकारने चौकशी आयोग नेमला, त्याचा अहवाल ऑगस्ट २०१२ मध्ये आला. तो वाचताना मन खिन्न होते. बॉम्ब फुटल्यावर दहाएक मिनिटांत एका नागरिकाने फोन करून संशयिताचे वर्णन आणि गाडीचा क्रमांक कळवला होता. तो एका चिठ्ठीवर लिहिला गेला आणि चिठ्ठी टेबलावर पडून राहिली. पोलिसांचे एकुलते एक हेलिकॉप्टर उपयोगाला आले नाही, कारण चालवणारे जुलैच्या रजेवर होते. ओस्लोहून आलेल्या सशस्त्र ‘डेल्टा’ पथकाने रबरी होडीत इतकी माणसे आणि सामान भरले की ती वाटेत बंद पडली. शेवटी खासगी होड्यांतून ते पार झाले. सरकारी इमारतीसमोरचा रस्ता वाहनांना बंद करण्याचे काही वर्षांपूर्वीच ठरले होते, ते अमलात आले नव्हते. देशाच्या पोलीस प्रमुखांना पद सोडावे लागले. या यादीत बंदुकांची टंचाई कुठे दिसते का? मला दिसत नाही. दिसतो तो निरोप वेळेवर न पोहोचणे आणि ठरलेले काम न करणे. हा रोग तर आपल्याही ओळखीचा आहे!

दुसरा देश न्यूझीलंड. तिथेही पोलीस सहसा शस्त्र बाळगत नाहीत, ते गाडीत कुलपात असते. १५ मार्च २०१९ रोजी ख्राइस्टचर्च येथे दोन मशिदींत ५१ माणसे मारली गेली. मारेकऱ्याला पहिल्या फोननंतर सुमारे वीस मिनिटांत दोघा पोलिसांनी रस्त्यात गाडी आडवी घालून धरले. पद्धत तशीच, वेग वेगळा.

इथे कोणीतरी तुकाराम ओंबळे यांचे नाव घेईल, घ्यायलाच हवे. नोव्हेंबर २००८ मध्ये गिरगाव चौपाटीवर हाती फक्त काठी असताना त्यांनी कसाबची रायफल धरून ठेवली आणि प्राण दिले. पण एखाद्याच्या शौर्यावर पोलीस खाते चालवता येत नाही. त्यांना शस्त्र न देणे हा सरकारचा दोषच होता. आणि उलट बाजूने, पोलिसाच्या हाती बंदूक आली की वस्ती सुरक्षित झाली, हे ११ जुलै १९९७ नंतर घाटकोपरच्या रमाबाई नगरात जाऊन कोण सांगेल? तिथे राज्य राखीव पोलिसांच्या गोळीबारात १० जण गेले.

आता शिक्षा. ब्रेविकला ऑगस्ट २०१२ मध्ये २१ वर्षे झाली. हिशेब मांडला तर एका जिवामागे शंभर दिवसही भरत नाहीत, म्हणून जगभर लोक चिडले. तो राग मला समजतो. परंतु ही साधी २१ वर्षांची कैद नव्हे. नॉर्वेच्या कायद्यातला हा एक वेगळा स्थानबद्धतेचा प्रकार आहे. किमान १० वर्षे आत राहायचे, नंतर सुटकेचा अर्ज करता येतो. आणि २१ वर्षे भरली तरी माणूस समाजाला धोकादायक आहे असे न्यायालयाला वाटले तर मुदत पुन्हा पुन्हा वाढवता येते, मरेपर्यंत. न्यूझीलंडने २०२० मध्ये ख्राइस्टचर्चच्या आरोपीला कधीही न सुटणारी जन्मठेप दिली, ती त्या देशातली पहिलीच. दोन वाटा, दोन्हींत फाशी नाही. बरे, नॉर्वे काही जन्मजात सौम्य नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथे देशद्रोह आणि युद्धगुन्ह्यांसाठी ३७ जणांना मृत्युदंड झाला. १९७९ मध्ये त्यांनी विचारपूर्वक तो पूर्णपणे काढून टाकला.

खटला दहा आठवडे चालला, त्यातली एक गोष्ट विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावी. प्रत्येक मृताचा वैद्यकीय अहवाल न्यायालयात सांगितला गेला, आणि मग तो मुलगा किंवा ती मुलगी कोण होती, काय होऊ पाहत होती, हेही वाचून दाखवले गेले. ७७ वेळा. खटल्याच्या सुरुवातीलाच एका सहायक न्यायाधीशाला दूर केले, कारण हत्याकांडानंतर लगेच त्याने या आरोपीला मृत्युदंडच हवा असे जाहीरपणे लिहिले होते. शोकात बुडालेल्या देशाने एवढे भान ठेवले.

आपल्याकडे अशा वेळी अंगुलिमालाची कथा सांगतात, आणि ती अर्धीच सांगतात. तथागतांनी त्याला स्वीकारले हे खरे. पण त्याआधी त्याने तलवार टाकली होती. राजा पसेनदी पाचशे घोडेस्वार घेऊन निघाला होता, आणि आपल्या डोळ्यांनी बदललेला माणूस पाहिल्यावरच तो परतला. भिक्षेला गेल्यावर लोकांच्या दगडांनी डोके फुटले तेही अंगुलिमालाने सोसले. ब्रेविक जानेवारी २०२२ मध्ये सुटकेच्या अर्जावर न्यायालयापुढे आला तेव्हा त्याने नाझी पद्धतीने हात वर केला. तलवार अजून हातात आहे हे त्यानेच दाखवले. पुढच्याच महिन्यात अर्ज फेटाळला गेला.

तरीही एक गोष्ट राहते, आणि तिचे उत्तर मला नॉर्वेच्या कायद्यात सापडत नाही. अर्जाचा हक्क म्हटला की सुनावणी आली, सुनावणी म्हटली की त्याचा चेहरा पुन्हा वर्तमानपत्रात आला. एकांतवासाविरुद्ध त्याने सरकारवर खटले भरले; २०१६ मध्ये काही अंशी जिंकला, २०१७ मध्ये वरच्या न्यायालयात हरला, २०२४ मध्ये पुन्हा हरला. दर वेळी ज्यांची मुले गेली त्या घरांना हे सारे नव्याने ऐकावे लागते. कायदा ज्याला हक्क म्हणतो त्याचा भार त्या आईबापांच्या डोक्यावर पडतो. तो कसा कमी करावा, याबद्दल तुमच्यापैकी कोणाला काही सुचत असेल तर प्रश्नोत्तरांत अवश्य मांडावे. मला ऐकायचे आहे.